पत्ता अंधेरीचा, माल कुठला?

अमेरिकेतल्या शहरांची क्रमवारी लावणं हा तिथल्या मासिकांचा जुना छंद आहे. न्यूयॉर्क पहिलं, लॉस एंजेलिस दुसरं, त्यानंतर शिकागो की ह्यूस्टन यावर वाद, आणि डेट्रॉइटची दरवर्षी कीव. अंधेरी ताकदवान की घाटकोपर, मुलुंड वरचढ की बोरिवली, असं आपल्याकडे कुणाला विचारलं तर तो चौरस फुटाचा भाव सांगतो. भाव सांगणं सोपं आहे, पण त्यावरून त्या जागी काय बनतं, कोण बनवतं आणि ते दुसरीकडे बनवता येईल का, यातलं काहीच कळत नाही. कित्येकदा भाव चढला म्हणूनच बनवणारा उठून गेलेला असतो. म्हणून अमेरिकी शहरं ज्या मापांनी मोजली जातात ती मापं आपल्या उपनगरांना लावून पाहू. काही मापं नीट बसतात, काही फसतात, आणि फसतात कशी हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

आधी हद्द ठरवावी लागते. डेट्रॉइट शहराची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० च्या जनगणनेत ती साडेसहा लाखांच्याही खाली आली. २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढं वाचलं की मोटारउद्योग संपला असं वाटतं. पण फोर्डचं मुख्यालय डिअरबॉर्नला आहे, आणि ती वेगळी नगरपालिका. १९१३ मध्ये फोर्डने चालत्या पट्ट्यावर गाड्या जोडायला सुरुवात केली ते हायलँड पार्क डेट्रॉइटने जवळजवळ चारही बाजूंनी वेढलेलं आहे, तरी तेसुद्धा वेगळं शहर. सभोवतालच्या गावांसह मोजलं तर हा सगळा पसारा चाळीस लाखांहून अधिक माणसांचा भरतो. यावर अमेरिकी सांख्यिकी खात्यांनी काढलेला तोडगा असा, की शहर पालिकेच्या रेषेने मोजायचं नाही, माणसं कामाला कुठून कुठे जातात त्यावरून मोजायचं. शेजारच्या कौंटीतले निदान पंचवीस टक्के कामकरी मुख्य भागात कामाला येत असतील, तर ती कौंटी त्याच महानगराचा भाग धरली जाते.

हेच माप लोकलच्या डब्यात बसून लावून पाहा. मुलुंडच्या चेकनाक्यापलीकडे ठाण्याची वागळे इस्टेट सुरू होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं, आणि वागळे ही त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी. मुलुंडकर फिटर चालत तिथे कामाला जाऊ शकतो, पण सरकारी कागदावर त्याचं काम ठाणे जिल्ह्यात जमा होतं आणि तो स्वतः मुंबई उपनगर जिल्ह्यात. हा जिल्हा १९९० मध्ये वेगळा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे त्याचे तीन तालुके. मुलुंड आणि घाटकोपर दोन्ही कुर्ला तालुक्यात येतात, हे तिथे राहणाऱ्यांनाही सातबाऱ्याचं किंवा दाखल्याचं काम निघेपर्यंत ठाऊक नसतं. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५६ हजार होती, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्याच्या तिप्पट. तरीही राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार उत्पन्नाचा तक्ता उघडला की शहर आणि उपनगर एकत्र करून ‘मुंबई’ अशी एकच ओळ दिसते. अमेरिकेत ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिस प्रत्येक कौंटीचं स्थूल उत्पन्न वेगळं छापतं. आपल्या उपनगराला स्वतःचा आकडाच नाही. त्यामुळे इथून पुढचं काम थोडं गुप्तहेराचं आहे.

आता पैशाचं माप. जागेचं उत्पन्न म्हणजे तिथली विक्री नव्हे. समजा, मरोळच्या एका गाळ्यात शंभर रुपयांचा पितळी बार आला, त्यावर वीज, टूल आणि तेलाचे वीस रुपये लागले आणि तयार नोझल एकशेसाठ रुपयांना विकलं. विक्री एकशेसाठची दिसते, पण त्या गाळ्याने घातलेली भर चाळीस रुपयांची. यातूनच पगार, भाडं, व्याज आणि नफा निघतो. शहराचं उत्पन्न म्हणजे अशा चाळीस-चाळीस रुपयांची बेरीज. ती नीट करायची तर प्रत्येक गाळ्याचा हिशोब हवा, आणि तो कुणाकडेच नसतो. म्हणून आपल्याकडे जिल्ह्याचा आकडा काढताना बऱ्याच क्षेत्रांत राज्याची बेरीज कामगारांच्या संख्येसारख्या एखाद्या निकषावर वाटून दिली जाते. वाटणी ठीकच होते, फक्त दोन जिल्ह्यांतले कामगार सारखंच कमावून देतात असं तिच्यात गृहीत धरलेलं असतं.

त्याहून फसवं माप म्हणजे कर. मुंबई देशाला किती प्राप्तिकर देते हे आपण अभिमानाने सांगतो. कंपनीचा प्राप्तिकर तिच्या नोंदणीच्या पत्त्यावर भरला जातो. लार्सन अँड टुब्रोचं जहाज किंवा अणुभट्टीचा भाग हजिऱ्यात बनला तरी कराचं चलन मुंबईचं. जीएसटीचं गणित याच्या उलट. तो माल जिथे वापरला जातो त्या राज्याकडे जातो, जिथे बनतो तिथे नव्हे. म्हणजे एक कर मुख्यालय मोजतो, दुसरा गिऱ्हाईक मोजतो, आणि कारखाना दोघांच्या मध्ये हरवतो. न्यूयॉर्कच्या आकड्यातही मुख्यालयांची अशीच सूज आहे. ते शहर मोठं नाही असं नव्हे, पण त्याचा आकडा ह्यूस्टनच्या तेलशुद्धीकरणाशेजारी ठेवला तर दोन वेगळ्या जातीच्या वस्तू एकाच तराजूत घातल्यासारखं होतं.

अंधेरीच्या बाबतीत ही सूज ओळखणं गरजेचं आहे, कारण पूर्वेला मरोळ-साकीनाका आणि पश्चिमेला वीरा देसाई रोड इथे एकेकाळचे कारखाने पाडून कार्यालयं उभी राहिली. गोरेगावला निरलॉनचा कृत्रिम धाग्याचा कारखाना होता, त्या आवारात आज परदेशी बँकांची कार्यालयं चालतात. धाग्याच्या दिवसांपेक्षा आज तिथे रुपयांतली भर कितीतरी जास्त असणार. पैशाच्या मापाने जागा वर गेली, यंत्राच्या मापाने रिकामी झाली.

म्हणून तिसरं माप घ्यायचं. एखाद्या जागेचं वैशिष्ट्य काय हे शोधायला अमेरिकेत एक साधा भागाकार वापरतात. देशात शंभर कामगारांपैकी दोन जण यंत्रं बनवतात आणि एका गावात शंभरांपैकी सहा, असं उदाहरणापुरतं धरू. सहाला दोनने भागलं की तीन. म्हणजे देशाच्या मानाने त्या गावात यंत्रकाम तिप्पट दाटलेलं आहे. एक आला तर गाव सर्वसाधारण. सॅन होजेत इलेक्ट्रॉनिक्स, सिॲटलच्या परिसरात विमानं, डेट्रॉइटच्या परिसरात मोटारी हे या भागाकारात लगेच वर येतं, मग त्या शहराचं एकूण उत्पन्न कितीही असो. लहान शहरांवर अन्याय न करणारं हे माप आहे. त्याची खोड एकच: अगदी छोट्या गावात एक कारखाना आला तरी आकडा आभाळाला भिडतो.

आपल्याकडे हा भागाकार करायला बसलं की वेगळीच अडचण येते. कारखान्यांची वार्षिक पाहणी होते ती कारखाना म्हणून नोंदलेल्या जागांची, म्हणजे ढोबळमानाने वीज वापरून कायद्याने ठरवलेल्या संख्येइतकी किंवा जास्त माणसं काम करतात अशा ठिकाणांची. साकीनाक्याच्या खैरानी रोडवरच्या गाळ्यात मालक, दोन टर्नर, एक मिलिंगवाला आणि एक पोऱ्या असतो. तो या पाहणीत सापडत नाही. त्याला शोधायला आर्थिक गणना लागते, आणि तिची सहावी फेरी २०१३ मधली आहे. तेव्हापासून त्या रस्त्यावर किती शटर उतरली आणि किती नवी चढली, याचा अंदाज भंगारवाल्याला जास्त बरा असेल.

विजेचं माप कुणी सुचवेल. औद्योगिक जोडण्या आणि त्यांचा वापर पाहिला की कारखाना लपत नाही, हे खरं. पण उपनगरात वीज देणारेही वेगळे. अंधेरी-बोरिवलीकडे १९२९ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे सबर्बन कंपनीचं जाळं, जे हात बदलत आज अदानींकडे आहे. भांडुप-मुलुंडला मात्र महावितरण. दोघांचे तक्ते जुळवायचे म्हटलं की पुन्हा तीच गोष्ट, हद्दीची.

आकड्यांचं एवढं झाल्यावर प्रत्यक्ष रस्त्यावर उतरलेलं बरं, आणि त्यासाठी घाटकोपर ते मुलुंड हा जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, याच्याइतका चांगला रस्ता नाही. एका अंगाला मध्य रेल्वे, तिला समांतर नाशिककडे जाणारा रस्ता, पूर्वेला मिठागरं, पश्चिमेला डोंगर, मध्ये स्वस्त सपाट जमीन. स्वातंत्र्याच्या आगेमागे मोठ्या कंपन्यांनी हीच पट्टी धरली. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ मध्ये विक्रोळीची जमीन लिलावात घेतली. तिथल्या कारखान्यात कुलपं आणि कपाटं झाली, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या झाल्या, पुढे टाइपरायटर आणि फ्रिज झाले. कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जचे कारखाने, भांडुपला सिएट टायर, एशियन पेंट्स आणि गेस्ट कीन विल्यम्स, मुलुंडला ग्लॅक्सो, होक्स्ट आणि जॉन्सन अँड जॉन्सन. याच पट्टीच्या दक्षिण टोकाला कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट गाड्या बनवल्या. त्यातली पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटी उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. कारखाना त्याच्या वीसेक वर्षं आधीच बंद झाला होता. कुर्ल्याला आपलं डेट्रॉइट म्हणायचा मोह होतो, पण डेट्रॉइटभोवती मोटारी आजही बनतात. आपल्या मोटारी पुण्याला, चाकणला, नाशिकला गेल्या. पट्टा बदलला असं म्हणावं लागेल.

पश्चिमेकडेही तसंच चित्र होतं, थोडं विरळ. कांदिवलीला महिंद्रांचा कारखाना आणि १९६३ पासून ट्रॅक्टर, बोरिवली पूर्वेला टाटा स्टीलचा तारेचा कारखाना, आणि त्यांच्या मधोमध गोरेगाव-मालाडच्या लहान वसाहती. बोरिवलीला जमिनीचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यानाखाली आणि उरलेला घरांखाली, त्यामुळे तिथे पट्टी तयार झालीच नाही.

कारखाने का गेले याची उत्तरं संपापासून जकातीपर्यंत अनेक दिली जातात. १९७७ मध्ये महानगर प्रदेशासाठी उद्योगांच्या जागांबद्दलचं धोरण आलं आणि बृहन्मुंबईत नव्या मोठ्या कारखान्यांना जवळजवळ दार बंद झालं, हे एक. माझ्या मते सगळ्यात जड कारण साध्या व्याजाचं आहे. २०१४ मध्ये बोरिवलीची टाटा स्टीलची पंचवीस एकर जमीन ओबेरॉय रिअल्टीने ११५५ कोटी रुपयांना घेतली. एकरी सेहेचाळीस कोटी. हे पैसे नुसते आठ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ब्याण्णव कोटी येतात. म्हणजे तार ओढणाऱ्या कारखान्याने पगार, वीज, पोलाद सगळं भागवून वर ब्याण्णव कोटी कमावले, तरच त्याला त्या जागेवर बसणं परवडतं. तारेच्या धंद्यात हे कुणी करू शकेल असं मला वाटत नाही. मुलुंडच्या ग्लॅक्सोच्या जमिनीवरही त्याच बिल्डरचे मनोरे आहेत. कारखाना चांगला की वाईट चालला होता हा प्रश्न या हिशोबात येतच नाही.

पिट्सबर्गचं पोलादही गेलं, पण तिथे जमीन महाग झाली म्हणून नव्हे. पोलाद परवडेनासं झालं आणि जमीन रिकामी पडली. नंतर कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या आधाराने यंत्रमानव आणि संगणकाचं काम तिथे वाढलं. आपल्याकडे जमीन एक दिवसही रिकामी पडली नाही, आणि म्हणून त्या जागी नव्या उद्योगाला पाय ठेवायला फटही मिळाली नाही.

मग उपनगरात अभियांत्रिकीची ताकद उरली आहे का? उरली आहे, पण ती पाहायला वेगळा चष्मा हवा. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल याने १८९० च्या आपल्या ग्रंथात शेफील्डसारख्या जागांचं वर्णन केलं आहे: एकाच धंद्याची अनेक लहान माणसं जवळजवळ राहिली की कसब हवेत मिसळल्यासारखं होतं, पोरं ते न शिकवता शिकतात आणि पूरक धंदे आपोआप शेजारी येतात. हे मोजायची माझी पद्धत अशी. एक तुकडा घ्यायचा, समजा पंपाचा शाफ्ट, आणि तो बनवायला लागणाऱ्या पायऱ्या मोजायच्या. बार आणायचा, बँडसॉवर कापायचा, लेथवर टर्न करायचा, मिलिंगवर चावीची खाच पाडायची, मग हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, हार्ड क्रोम, आणि शेवटी मापं तपासून कागदावर सही. यातल्या किती पायऱ्या एका टेम्पोच्या फेरीत, एका दिवसात होतात?

साकीनाका, मरोळ, कुर्ला, असल्फा या पट्ट्यात आजही त्यातल्या बहुतेक होतात. ड्रॉइंग घेऊन जायचं, सॅम्पल पीस करून घ्यायचा, जमला तर लॉट द्यायचा. लघुउद्योगांसाठीची केंद्र सरकारची संस्था साकीनाक्यालाच आहे, आणि चुनाभट्टीला मापन-उपकरणांची रचना आणि टूलरूम चालवणारी आयडेमी १९६९ पासून. हीच पायऱ्यांची मोजणी बोरिवलीत केली तर तीन-चार पायऱ्यांनंतर टेम्पोला वसईचा रस्ता धरावा लागतो. वसईला वालीव, सातिवली, गोखिवरे इथे गाळे भरभरून आहेत, आणि त्यातले कित्येक मालक मूळचे अंधेरी-गोरेगावचे. महानगर कामाच्या येण्याजाण्यावरून मोजायचं ठरवलं तर वसई याच हिशोबात धरायला हवी.

कसबाचं दुसरं टोक विक्रोळी-पवईला. लार्सन अँड टुब्रोने १९४८ मध्ये पवईला दलदल आणि झाडीची पंचावन्न एकर जमीन घेतली. दहा वर्षांनी शेजारी आयआयटी आली, सोव्हिएत मदतीने. गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटसाठी विकास इंजिनं होतात, आणि चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटलाही ती होती. अशी इंजिनं वर्षाला थोडीच बनतात. उत्पन्नाच्या तक्त्यात ती दिसणारही नाहीत इतकी रक्कम. पण विशेष मिश्रधातू विनाचूक जोडणारा वेल्डर आणि त्याला तपासणारा निरीक्षक एका आवारात आहेत, हे कोणत्याही करभरण्यापेक्षा जास्त सांगतं. बॉस्टनभोवती एमआयटी आणि रूट १२८ वरच्या कंपन्यांची जी जोडी जमली तिच्या जवळ जाणारं उपनगरात काही असेल तर ते पवई-विक्रोळी. पूर्ण जमलं मात्र नाही. आयआयटीतून निघालेला मुलगा गेट ओलांडून समोरच्या गाळ्यात क्वचितच गेला.

अंधेरीचं सीप्झ हे या सगळ्यांहून निराळं. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीसाठी ते सुरू झालं आणि कांडलानंतरचं ते देशातलं दुसरं निर्यात क्षेत्र. विमानतळ जवळ, जकातीची कटकट नाही, भाड्याने तयार कारखाना. टाटा-बरोजसारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी इथून सुरुवातीची निर्यात केली. १९८० च्या दशकाच्या शेवटी दागिन्यांना परवानगी मिळाली आणि हळूहळू हिऱ्या-सोन्याने इलेक्ट्रॉनिक्सला मागे टाकलं. इथेच निर्यातीचा आकडा वाचताना सावध राहायला हवं. शंभर रुपयांच्या अंगठीत बहुतेक रक्कम सोन्याची आणि हिऱ्याची, आणि ती बाहेरून आलेली. भर म्हणजे डिझाइन, मेणाचा साचा, ओतकाम, खडे बसवणं, पॉलिश. नोझलचं चाळीस रुपयांचं गणित इथे लावलं की निर्यातीचा फुगा बराच खाली येतो. तरी कसब खरं आहे. साचे त्रिमितीय छपाईने करणं इथे नेहमीचं झालं आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये अशा यंत्रांचं ‘भारत रत्नम’ हे सामायिक केंद्रही सुरू झालं.

चेंबूर-माहुल मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण उपनगराविषयी बोलताना ते कुणाच्या डोक्यातच येत नाही. १९५४-५५ मध्ये तिथे स्टँडर्ड व्हॅक्युम (पुढची एसो) आणि बर्मा शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, म्हणजे आजचे एचपीसीएल आणि बीपीसीएल. शेजारी खत कारखाना, आणि पलीकडे तुर्भ्याला (ट्रॉम्बे) १९५६ मध्ये अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. ह्यूस्टनशी तुलना करायची तर ती इथेच होते. निव्वळ कारखान्यातून निघणाऱ्या मालाच्या किमतीत या कोपऱ्याशी उपनगरातलं दुसरं काही बरोबरी करू शकेल असं वाटत नाही, आणि तिथल्या माणसांना त्याची किंमत हवेतून मोजावी लागते ती वेगळी.

तर क्रमवारी विचारलीच तर माझी अशी: पैशात अंधेरी, मालात माहुल, हाताच्या आणि यंत्राच्या कसबात विक्रोळी-पवई आणि साकीनाका मिळून. घाटकोपरची ताकद जोडणीची आहे. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पूर्व-पश्चिमेचे कामगार तिथे एकमेकांत मिसळले. साकीनाका आणि असल्फा ही स्थानकं त्याच मार्गावर आहेत, म्हणजे गाळ्यांना कल्याण-डोंबिवलीचा टर्नर आता सहज मिळतो. मुलुंड आणि बोरिवली मुख्यतः राहायच्या जागा आहेत. मुलुंडला वागळे शेजारी आहे म्हणून मी तिला अर्धा गुण जास्त देईन, आणि बोरिवलीकरांनी त्यावर भांडायला यावं, पण येताना वसईचे गाळे आपल्या खात्यात धरायचे की नाही हे आधी ठरवून यावं.